हंडी उतरवली

महाराणी रोडवरच्या दुकानात देवयानीला एकही दिवा पसंत पडेना. हा फार पांढरा, तो पिवळट, त्याची कड भलतीच सोनेरी. छताला चिकटून बसणारा साधा गोल लाइट तो काय, पण बाईंनी दुकान पालथं घातलं. शेवटी मुलगा मानस म्हणाला, "आई, बाबांसाठी घेतोय ना आपण? कोई सा भी ले ले."

तेच तर दुखणं होतं. तिचे यजमान, शंतनुराव, चांगले ताडमाड. विजय नगरचा फ्लॅट बुटका, आणि हॉलच्या मधोमध देवयानीने हौसेने टांगलेली दिव्याची काचेची हंडी. येता-जाता टाळक्याला लागायची. हे लोंबतं काढ बाई, म्हणता म्हणता बिचारे हार्ट अटॅकने गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मानसचं लग्न करू, देवयानीला अंतर देणार नाही, नातेवाइकांनी हात जोडून सगळं कबूल केलं. छे! शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येताच मानसच्या डोक्यात आलं, बाबांचा जीव या हंडीतच अडकलाय.

देवयानीने कुणाला सांगितलं नव्हतं, पण ते गेल्यापासून दिवेलागणीला, पंखा बंद असताना, ती हंडी आपोआप हलायची. थांबायची... पुन्हा हलायची. पहिल्यांदा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग मात्र ती रोज खुर्ची टाकून वाट बघू लागली. हंडी काढायची म्हणजे एवढंसुद्धा गमवायचं. पण आपल्या मायेपायी त्यांना अडकवून ठेवायचं का? डोळे पुसत तिने हाताला येईल तो दिवा निवडला.

दुपारी इलेक्ट्रिशियनने हंडी उतरवली, छताला भोकं पाडून लाइट चपखल बसवला. "लो आंटीजी, अब किसी के सर में नहीं लगेगी," म्हणत तो गेला.

संध्याकाळी तिने बटण दाबून दिव्याला हात जोडले. हॉल लख्ख उजळला. काही म्हणजे काही हललं नाही.

"झालं हो तुमच्या मनासारखं," ती हळूच म्हणाली. "आता जा..."

आणि तिला हुंदका आवरेना.

सकाळी मानस ऑफिसला गेल्यावर तिने बाल्कनीत दहीभात ठेवला. कावळे लगेच आले, कठड्यावर ओळीने बसले. पण भाताला एकही शिवेना.

"अजून काय राहिलं रे..." तिने विचारलं.

मग तिच्या लक्षात आलं. कावळे भाताकडे बघतच नव्हते, तिच्याकडेही नाही. ते तिच्या पाठीमागे, हॉलमध्ये, जरा वर बघत होते. घरात तर ती एकटीच होती. हंडी असती तर शंतनुराव कुठे आहेत ते कळलं तरी असतं. तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पण मागे वळायचा धीर होईना.

कावळ्यांच्या माना हळूहळू वळत गेल्या, नजरा बाल्कनीच्या दारापाशी आल्या, आणि तिच्या डोक्याच्या वीतभर वर येऊन थांबल्या.