मास्तरीणबाईंची कॅसेट

“आमच्या घरात अस्तनीतला निखारा आहे,” मास्तरांची लेक गुप्तहेर बाईंना म्हणाली. “आईचा आवाज पुसलाय त्यानं.”

मास्तर घरीच अरबी शिकवत. त्यांच्या दिवंगत बायकोनं एका कॅसेटवर सगळे धडे वाचले होते. तिचा तेवढाच आवाज उरला होता. परवा लेकीनं कॅसेट लावली, तर सुरुवातीलाच नुसती खरखर; पुढे तिला ऐकवेना. संशय मास्तरांच्या भाच्यावर. त्याला मोबाइलवरून शिकवायचं होतं, ही कॅसेट त्याला अडगळ वाटे. मास्तरांनी त्याला आजच घर सोडायला सांगितलं होतं.

बाई उठल्या. मागोमाग त्यांचे सोबती, निवृत्त पोस्टमास्तर.

मास्तरांच्या घरी भाचा बॅग भरत होता. “मामीनंच मला वाचायला शिकवलं. तिचा आवाज मी पुसेन?”

“कॅसेट कोण हाताळतं?” बाईंनी विचारलं.

“मामाच. रोज संध्याकाळी दार लावून एकटे ऐकतात. बटणालाही हात लावू देत नाहीत.”

बाईंनी कॅसेट लावली. घड्याळाची टिकटिक. पान उलटल्याचा आवाज. मग मास्तरांची कुजबुज: “ब... बि... बु...” प्रत्येकानंतर लांब शांतता.

“जुन्या रेकॉर्डिंगमधलं राहिलं असेल,” पोस्टमास्तर म्हणाले.

“तुम्ही ऐकलीत?” बाईंनी समोर बसलेल्या मास्तरांना विचारलं.

“मला ऐकवत नाही,” मास्तर म्हणाले.

बाईंनी पाटी पुढे ओढली. तिच्यावरच्या अरबी ‘ब’खाली तिरकी रेघ होती. “बु,” बाई म्हणाल्या.

“ओठ गोल का केले? रेघ खाली म्हणजे जेर. बि!” मास्तर कडाडले.

बाईंनी तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं केलं आणि पुन्हा “बु” म्हटलं.

“शाबास!”

चुकीला शाबासकी? म्हातारा दमला असेल, पोस्टमास्तरांना वाटलं.

बाईंनी सगळ्यांना बसवलं. स्वतःची खुर्ची मास्तरांच्या अगदी समोर ओढली.

“चोर कुणीच नाही. जबरच्या ‘ब’ला तोंड उघडतं, जेरच्या ‘बि’ला ओठ ताणतात, पेशच्या ‘बु’ला गोल होतात. मास्तर ते बघून चुका काढतात. त्यांना ऐकू येत नाही. रुमालाआडची माझी चूक त्यांना कळलीच नाही.”

“बाबा?” लेक ओरडली.

“बहिऱ्याकडे उच्चार शिकायला कोण येणार?” मास्तर पुटपुटले.

“म्हणून रोज दार लावून, कॅसेट चालू करून पुस्तकावर बोट फिरवायचं, मास्तरीणबाई म्हणतील त्यामागून म्हणायचं. पण एकदा बोट शेजारच्या, रेकॉर्डिंगच्या लाल बटणावर पडलं. ऐकू येणाऱ्याला क्षणात कळलं असतं. तुम्ही स्वतःच्याच आवाजानं अख्खी बाजू भरलीत. कॅसेटवर हीच खोली आहे, मास्तर. मधल्या शांततेत तुम्ही त्यांना वाचायला वेळ देत होतात.”

लेकीनं मान खाली घातली. आतेभावाकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. मास्तरांचे डोळे मात्र बाईंच्या ओठांवरच होते.

“माझं... बरोबर म्हटलंय का त्यात?”

बाईंना एवढ्यापलीकडे अरबी येत नव्हती. सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. त्यानं बॅग उचलली.

“एकही चूक नाही, मामा,” तो दाराकडे तोंड करून म्हणाला आणि निघून गेला.

मास्तर त्याच्या उत्तराची वाट बघत बसले.