झाकणाच्या आतला रंग

"हिनं... हिनं डबे सांडवले, साहेब! भलताच रंग मिसळला!" घाम पुसत सोनाजीनं बायकोकडं बोट दाखवलं, आणि पुतळाबाईच्या कडेवरची कळशी हिंदकळली... तीस वर्षांचा संसार, आणि हे बोट!

बीड बायपासच्या सोनाजीच्या रंगकामाच्या शेडमध्ये त्या साहेबांची, तात्यासाहेबांची, जुनी फियाट उभी होती. वडिलांची गाडी त्यांना कारखान्यातून आली होती तश्शाच हिरवट राखी रंगात हवी होती, आणि झाली होती कशी? पिवळट, काविळीचं पोर दिसावं तशी!

शहरभर सोनाजी पेंटरच्या डोळ्याचं केवढं नाव! पण त्या डोळ्याला तांबडं आणि हिरवं वेगळं दिसतच नव्हतं, हे देवाला ठाऊक आणि पुतळाबाईला. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं ते ओळखलं. तेव्हापासून जेवणाचा डबा द्यायच्या निमित्तानं ती दारात भाजी निवडत बसे, सोनाजी थेंब थेंब रंग मिसळे, आणि रंग जुळला की ती बांगड्या वाजवी. बस्स, एवढंच! नाव त्याचं होत गेलं आणि तिला त्यातच धन्यता वाटत गेली.

मग पोरानं, आदिनाथनं, रंग ओळखायचं मशीन आणलं. त्यानं ते बॉनेटला लावलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाळा, वरचा रंग उन्हानं इटलाय. काळ्या मेंढीची लोकर बी वरून तांबूस पडती, बोटानं फाकवून मुळाशी बघावी लागती. गाडीतल्या त्या समोरच्या सामानाच्या खणाचं झाकण आतून बघ की, तिथं ऊन पोचत नाय!" धनगराच्या लेकीचं शहाणपण मशीनपुढं कोण ऐकतो? तो हसला होता, आणि मशीननं दाखवला तोच रंग गाडीवर चढला होता.

आता एक शब्द... एकच शब्द ती बोलली असती तर! पण नवऱ्याचा पांढराफटक चेहरा तिनं पाहिला, आणि मान खाली घातली.

"व्हय साहेब. माझ्याच हातून झालं."

आदिनाथ भडकला. "आठ दिवसांनी नळाला पाणी येतंय, आता पुन्हा गाडी घासायला पाणी आणू कुठून? आई, तू मामाकडं जा! इथं पाऊल टाकू नको!"

घासायला लागलेलं पाणी घरच्या पिण्यातून वाचवून तिनंच वाहिलं होतं. ते कुणाला आठवलं नाही.

फर्दापूरला, भाऊ धोंडिबाच्या दारी, टँकरमागं धावण्यात तिचे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सोनाजी आला. पिशवीत रंगाच्या डब्या होत्या आणि त्याच खणाचं झाकण होतं.

"पुतळे, मी पापी हाय गं!" तो उंबऱ्यातच रडला. "एवढा एक रंग जुळवून दे. गाडी गेली की पोराला समदं सांगतो. तुझी शपथ!"

तिनं पिशवी हातात घेतली. अंगणातल्या सावलीत बसली, झाकणाच्या आतला न विटलेला रंग डोळे भरून पाहिला, थेंब मोजले, पत्र्यावर पट्टा ओढला, वाळू दिला, पुन्हा एक थेंब काळा घातला... आणि सवयीनं बांगड्या वाजवल्या. सोनाजीनं तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी फोन आला.

"आई! गाडी एकदम ओरिजिनल झाली! तात्यासाहेबांनी बॉनेटवर डोकं टेकलं गं! चारचौघांत अण्णांना शाल घातली!"

"अन् अण्णा... अण्णा काय बोलले रं?" तिनं नवऱ्याचं विचारलं.

"काय बोलणार? नुसते रडत होते, आनंदानं. राग मानू नको आई, पण तू मधी नव्हतीस म्हणूनच काम नीट झालं बघ. ऱ्हा अजून तिकडंच थोडे दिवस."

अरेरे... जन्मभराचा हुंदका त्या माउलीनं एका घोटात गिळला!

"लई बरं झालं, बाळा," ती म्हणाली. "शाल कंच्या रंगाची हाय?"

"तांबडी. का गं?"

"अण्णांच्या कानावर घाल, तांबडी हाय म्हणावं. उद्या कुणी इचारलं तर चुकतील ते."

आणि फोन भावाच्या हातात देऊन ती टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली.