खवले का वळले?

"हा कचरा पाहुणे यायच्या आत इथून हलवा!" आयोजक गरजले.

कचरा म्हणजे मावशीचा मासा! दारापासून खिडकीपर्यंत लांब, एकेक खवला कागदाचा आणि त्यावर पातळ, चमकदार प्लॅस्टिक चिकटवलेलं. चिंगी आणि तिचा भाऊ ढम्या यांनी अख्खी सुट्टी मावशीकडे खवले कापण्यात घालवली होती. काल प्रदर्शनाच्या दालनात टांगला तेव्हा मासा झकास दिसत होता. आज त्याच्या एका बाजूचे सगळे खवले वाळक्या पानांसारखे वळले होते.

"कच्चं काम!" आयोजक म्हणाले. "गोंद हलका वापरला असणार. बाई, आता तुम्हाला पुन्हा कोण बोलावणार?"

मावशी खुर्चीवर चढून खवले सोडवू लागली. चिंगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"रडतेस काय? नीट बघ!" ढम्या कुजबुजला. "गोंद कुठे सुटलाय? प्लॅस्टिक आखडलंय! खवल्यांवर फिरवायची इस्त्री जास्त तापली की मावशीकडे असंच व्हायचं."

"आणि तेही एकाच बाजूला! म्हणजे त्या बाजूने काहीतरी तापलं!"

कोपऱ्यात फोटोसाठीचा मोठा दिवा उभा होता, चाकांच्या स्टँडवर.

"काका, हा दिवा काल लावला होता?" चिंगीने विचारलं.

"छे! कुणी हातसुद्धा लावलेला नाही. पळा इथून!"

"चक्क थाप!" ढम्या चिडला. "पण आपलं ऐकणार कोण?"

"त्यांनाच बोलतं करू," चिंगी म्हणाली.

पाहुणे आले. तोवर ढम्याने मावशीच्या पिशवीतला एक शिल्लक खवला दारातल्या फलकावर टाचला होता. चिंगी साळसूदपणे पुढे झाली. "काका, या फलकापाशी पाहुण्यांबरोबर तुमचा फोटो काढू? पण इथे अंधार आहे हो."

आयोजक लगेच खुलले! स्वतः दिवा ओढत आणून त्यांनी फलकाला खेटून लावला. "असा जवळ हवा! काल त्या माशाचे फोटो काढले, तेव्हाही तासभर असाच ठेवला होता मी."

चुरचुर आवाज झाला आणि सगळ्यांदेखत खवला वळला.

"काका, मघाशी तर म्हणालात, कुणी हात लावला नाही!" चिंगी म्हणाली.

आयोजकांचा चेहरा पडला. एक म्हातारे चित्रकार पुढे आले. "शाब्बास! पोरं आहेत की गुप्तहेर!"

टाळ्या पडल्या. आयोजकही हसू लागले, जणू चूक दुसऱ्याच कुणाची होती. "भलतीच हुशार हं! या, तुमच्याबरोबरच फोटो काढू!"

"आधी मावशीला सॉरी म्हणा," चिंगी म्हणाली.

"हो, हो! बाई, झालं गेलं विसरा. आठवडाभरात दुसरा करून द्या."

"याला वर्ष लागलं," मावशी म्हणाली. पण आयोजक पाहुण्यांना घेऊन चहाकडे वळलेसुद्धा होते.

ढम्याच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की पाठ दुखू लागली. चिंगी फोटोसाठी थांबलीच नाही. तिला या सगळ्यांचा भयंकर राग आला होता. दुसरी खुर्ची ओढून ती मावशीशेजारी चढली.

"जपून," मावशी म्हणाली. "चांगले निघतील ते ठेवू."

चिंगी एकेक खवला सोडवत गेली. त्या बाजूचा एकही चांगला निघाला नाही.