शेवटचा परिच्छेद

आमच्या वसाहतीत कुणी गेलं की जलदान विधीच्या आधी घरचे माझ्याकडे येतात. घाटकोपरच्या आमच्या विहारात गेली वीस वर्षं आदरांजलीचं भाषण मीच लिहितो आणि वाचतोही मीच. आयुष्यभर ट्रॉम्बेला कारकुनी केली, मसुदे करायची हाताला सवय आहे. भाषणाचा शेवटचा परिच्छेद ठरलेला असतो: माणूस कसा गेला, जवळ कोण होतं. बाया डोळ्याला पदर लावतात तो तिथेच. फुशारकी नाही मारत, कामाची पद्धत सांगतोय.

मार्चमध्ये माझी थोरली बहीण शकुताई गेली. आईमागे तिनेच मला वाढवलं. स्वतःची शाळा सोडली, माझी सुटू दिली नाही. एवढं लिहायला वेळ लागला नाही. अडलो ते शेवटच्या परिच्छेदाशी, कारण ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो.

त्या दुपारी डॉक्टर म्हणाले होते, आजचा दिवस निघणं कठीण आहे. तिची मुलगी संघमित्रा नाशिकहून निघाली होती. "दादू, जाऊ नको रे कुठे..." शकुताई पुटपुटली. "इथेच आहे गं," मी म्हटलं. तिचा डोळा लागला आणि मी खाली कँटीनमध्ये गेलो. तीन वाजले होते. चहा मागवला, खिशातून कागद काढला आणि तिचीच आदरांजली लिहायला बसलो. ती जिवंत असताना. सवय, दुसरं काय! आज सांगताना लाज वाटते.

सव्वाचारला वर आलो. फिनेलचा वास आणि पंख्याची घरघर, बाकी काही नाही. चौदा खाटांच्या वॉर्डात कुणी खोकतसुद्धा नव्हतं. शकुताई गेलेली होती. डोळे उघडे, मान पलीकडे वळलेली, आणि ती खाटेच्या अगदी पलीकडच्या कडेला सरकलेली. उशाजवळच्या स्टुलावर मी बसलो. स्टूल गरम होतं. मला वाटलं, उन्हाने असेल. त्या बाजूला ऊन येत नाही, हे मागाहून लक्षात आलं.

संघमित्रा सहाला पोचली. जिन्यातच तिने विचारलं, "मामा, तू होतास ना आईजवळ?"

"होतो."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

एकदा बोलून गेल्यावर मागे कसं फिरणार? तीच एकटी मला उरली होती. परिच्छेद मी तसाच लिहिला.

रविवारी सकाळी अकराला विहार भरला. त्रिशरण, पंचशील झालं. मी माईकसमोर उभा राहिलो. "तीन वाजल्यापासून मी ताईच्या उशाशी होतो. तिचा हात माझ्या हातात होता. ती शांतपणे गेली." आवाज जरासुद्धा हलला नाही. एकच गोष्ट खटकली. प्रत्येक वाक्य माझ्या आधी कुणीतरी हळूच म्हणत होतं. आमचा माईक घुमतो, पण घुमलेला आवाज मागून येतो... आधी नाही.

बाया रडल्या. संघमित्राने येऊन माझा हात धरला. निभावलं, असं मला वाटलं.

जेवणं चालू झाली तेव्हा पांढऱ्या साडीतली एक बाई आमच्याजवळ आली. वॉर्डातली आया, वनमालाबाई. मागच्याच गल्लीत राहते.

"बरोबर बोललात हां काका," ती म्हणाली. मग संघमित्राकडे वळली. "माझीच ड्युटी होती ना ताई. हे जागचे हलले नाय. मी दोनदा म्हटलं, खाली जाऊन चहा तरी घ्या. नुसती मान हलवली. हात काय सोडला नाय."



"आई काही बोलली का हो?" संघमित्राने विचारलं.

"जाऊ दे ना ताई... शेवटी माणसं काय पण बोलतात."

"सांगा ना."

वनमालाबाईने आवाज खाली आणला. "'हा माझा दादू नाय. ह्याला उठवा. माझा दादू खाली आहे, त्याला बोलवा...' असंच सारखं. हात सोडवायला बघत होती. मी काकांकडे बघितलं, तर काका हसले. म्हटलं, गुंगीत असेल म्हातारी."

तो मी नव्हतो, असं म्हणायचं तर कँटीनचं सांगावं लागलं असतं. संघमित्रा माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मामा?"

"गुंगीत होती गं," मी म्हटलं. "मीच होतो."

तिने विश्वास ठेवला.

त्यानंतर मी आदरांजली लिहिणं बंद केलं. कुणी आलं तर तब्येतीचं कारण सांगतो. गेल्या रविवारी पलीकडच्या इमारतीतल्या सीतारामचा जलदान विधी होता. त्याच्या दुखण्यात मी एकदाही त्याला भेटायला गेलो नव्हतो. विधीलाही गेलो नाही. दिवसभर दार लावून घरात बसलो.

संध्याकाळी त्याचा मुलगा सुशांत आला. उंबऱ्याबाहेरूनच त्याने जय भीम घातला.

"काका, सकाळी फार छान बोललात," तो म्हणाला. "सगळे रडले. फक्त एक विचारायचं होतं... बाबा गेले त्या दुपारी आम्ही सगळे घरातच होतो. तुम्ही त्यांचा हात धरून बसलात, ते कधी?"