तिसरी चूक

मी लिफ्टचा मेकॅनिक. आवाज आला की त्याला कारण असतंच, यावर माझं पोट चाललं. बायको पियानो शिकवायची, तेही स्वयंपाक करता करता. पोरं बाहेरच्या खोलीत वाजवायची, ही आत भाजी चिरत ऐकायची. चूक झाली की ओट्यावर चमच्याचा एक टोला. दुसऱ्या चुकीला दोन. तिसऱ्या चुकीला मात्र ओल्या हातानंच बाहेर यायची आणि चुकलेलं बोट धरून बरोबर पट्टीवर ठेवायची. पोरं चळचळा कापायची.

मीही आठ दिवस शिकलो. "बोटं आहेत की पाना-पक्कड?" म्हणायची. दुसऱ्या चुकीनंतर मला हटकून एखादं काम आठवायचं. तिसरी चूक मी कधी केलीच नाही.

ती गेली त्याला आता वर्ष होईल. लेक मला तिच्याकडे नेतेय. तिथं जागा नाही, म्हणून पियानो उद्या एका शाळेत जाणार. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

दुपारी ती खोकी आणायला खाली गेली. म्हटलं, एकदा झाकण उघडून बघू. येत होता तो एकुलता एक धडा वाजवला, उजव्या हातानं. डाव्याची पाळी यायच्या आतच मी पळालो होतो ना. चौथ्या सुरावर बोट घसरलं.

आत टोला पडला. एक.

उठून पाहिलं. नळ बंद, खिडकी बंद, भांडी कालच बांधलेली. ओट्यावर काही नाही. पाइप वाजला असेल, म्हटलं. परत बसलो आणि तिथेच चुकलो.

दोन.

पाय आपोआप उठायला निघाले. जुनी खोड. पण उद्यापासून मला चुकायलासुद्धा जागा उरणार नव्हती. बसूनच राहिलो.

"अगं, ये ना," मी म्हणालो. कुणाला, ते मेकॅनिकला विचारू नका.

आणि मुद्दाम चुकलो.

आत नळ सुटला. बंद झाला.

सपाता घासत जवळ आल्या. मी वळलो नाही.

गार, ओल्या बोटांनी माझं बोट धरलं, उचललं, शेजारच्या पट्टीवर ठेवलं. मग मी रडत रडत वाजवत राहिलो, शेवटपर्यंत, एकदाही न चुकता.

पाठीमागे दारात खोकी ठेवल्याचा आवाज झाला.

"बाबा," लेक म्हणाली, "डावा हात कधी शिकलात?"

माझा डावा हात मांडीवर होता. कोरडा.