उघडी राहिलेली फुलं

दिवा लागला आणि तिची सकाळभराची मेहनत पडद्यावर पांढरीफटक पडली.

“बंद करा आधी तो!” सूक्ष्मदर्शकापाशी बसलेली ती कडाडली. काचपट्टीवरच्या चमकत्या रंगांना उजेड सोसत नाही, म्हणून तर खोली काळोखी ठेवलेली. दिवा विझला. काळोखातून एक ओशाळलेला आवाज आला, “मुळं आणली होती... काचघरातून. मी नवीन आहे.”

“मग ठेवा आणि जा.”

“जातो की. पण आता दार कुठे गेलं ते दिसत नाही.”

रागवायचं पक्कं ठरवूनही तिला हसू फुटलं.

तो संस्थेच्या काचघरातली रोपं सांभाळायचा, म्हणून सगळे त्याला ‘काचवाला’ म्हणत. तिचा प्रबंध अजून पुरा व्हायचा होता, म्हणून तो तिला ‘अर्ध्या डॉक्टर’ म्हणू लागला. रोज सकाळी मुळांची कोवळी टोकं तिच्या खोलीत पोचवणं हे त्याचं काम. पोचवून झाल्यावर रेंगाळणं हे त्याने स्वतःच मागे लावून घेतलं.

“एवढं काय बघता हो त्यात?” एकदा त्याने विचारलं.

तिने खुर्ची सरकवून त्याला जागा दिली. काळ्या पडद्यावर दोन निळ्या काड्या होत्या. त्यातली मोठी लालभडक पेटलेली.

“झाड नर होणार की मादी, ते या दोन गुणसूत्रांवर ठरतं. कधी काळी ही जोडी सारखीच होती. आपसांत देवाणघेवाण चालायची. मग ती थांबली... आणि नराच्या या गुणसूत्रात तेच ते तुकडे साठत गेले. एकच वाक्य, लाखो वेळा. लाल दिसतंय ते सगळं तेच.”

“म्हणजे आमचे काका,” तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “एकच किस्सा, प्रत्येक लग्नात. आणि दर वेळी थोडा लांबतो.”

“अगदी तसंच!” ती खळखळून हसली. हसताना खांद्याला खांदा लागला — आणि मग कुणीच बाजूला झालं नाही.

घरी आत्याच्या नजरेतून काही सुटत नसे. आईवडिलांमागे तिनेच हिला वाढवलेलं. शिलाईयंत्राची सुई ओवता ओवता ती म्हणाली, “हल्ली अगदी केसबिस विंचरून जातेस कामावर. काळोखात कोण बघतं गं?”

हिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ज्या रोपावर तिचं काम चालायचं, त्याचा डोंगरउतार धरणाच्या पाण्याखाली गेला होता. जुन्या बियांतून जी रोपं उगवली, तेवढीच आता जगात उरलेली. माद्या बऱ्याच होत्या, नर फक्त नऊ. ही जात फांदी लावून रुजत नसे, आणि उरलेलं बी मेलेलं होतं. नर फुलले होते, माद्यांच्या कळ्या चार दिवसांत उमलणार होत्या. मग परागीकरण, मग नवं बी. थोडे पराग गोठवून ठेवावेत, असं तिच्या मनात होतं. ते तिने पुढच्या आठवड्यावर ढकललं.

नरांच्या खोलीतली गरम हवा बाहेर सोडणाऱ्या छतातल्या झडपांची मोटर बिघडली होती. दुपारी ऊन चढलं की काचवाला हाताने चाक फिरवून त्या उघडायचा. त्या दिवशी मात्र सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

“चला ना चहाला,” दारात उभं राहून ती म्हणाली. “कोपऱ्यावरच तर जायचंय.”

“आणि ऊन पडलं तर?”

“कुठून पडणार? बघा तरी वर.”

त्याने आभाळाकडे बघितलं, मग तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि हातमोजे काढून ठेवले.

चहाच्या दुकानात तो खिडकीकडे पाठ करून बसला होता. तिला त्याला काहीतरी सांगायचं होतं. ती साखर ढवळत राहिली, विरघळून गेली तरी ढवळत राहिली. तेवढ्यात त्याच्या मनगटावर एक सोनेरी पट्टा येऊन पडला. किती छान दिसतोय हा हात, असं तिला वाटलं. ते ऊन आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

“बोला की, अर्ध्या डॉक्टर.”

“थांबा ना... सांगते.”

दुसरा चहाही निवला, पट्टा त्याच्या कोपरापर्यंत चढला... आणि मग तिच्या हातातला चमचाच थांबला.

दोघं धावत सुटली. काचघराचं दार उघडलं तसा उकडलेल्या पाल्याचा वास अंगावर आला. नऊही रोपं ओल्या फडक्यासारखी कुंड्यांच्या काठावर लोंबत होती, फुलांतले पराग उकडून मेलेले. त्याने चाक फिरवलं, तिने पाणी शिंपडलं, चादरी बांधून सावली केली. एका देठात तीन दिवस हिरवा रंग तग धरून होता. चौथ्या दिवशी तोही गेला. शेजारची माद्यांची खोली थंड होती. तिथे कळ्या वेळेवर उमलल्या.

“मी एकटाच गेलो होतो चहाला,” त्याने विभागप्रमुखांना सांगितलं.

“खोटं आहे, सर. मी नेलं होतं त्यांना. नको म्हणत होते ते.”

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “कुणी नेलं ते कळून झाडं उठणार आहेत का?”

त्याची नोकरी गेली. तिचा प्रबंध पुरा झाला. त्यातले फोटो, एवढंच त्या नरांचं जगात उरलं होतं. परीक्षकांनी कौतुक केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तिने आत्याच्या मांडीत तोंड खुपसलं आणि श्वास अडकेपर्यंत रडली.

तो आता एका फर्निचरच्या दुकानाचा टेम्पो चालवत होता. शोधत शोधत ती गोदामाच्या फाटकाशी पोचली. तो कपाट उतरवत होता. वाळला होता.

“कशी आहेस?” त्याच्या तोंडून ‘तू’ आपसूक आलं.

“माद्या अजून फुलताहेत,” ती म्हणाली. “पराग मिळाले ना, की फूल लगेच मिटतं. नाही मिळाले तर जास्त दिवस उघडं राहतं. मी रोज बघते रे... उघडीच असतात सगळी.”

तो दोरी गुंडाळत राहिला. तीच गाठ त्याने दोनदा सोडली, दोनदा बांधली.

“त्या दिवशी सांगायचं होतं ते —” तिचा आवाज चिरकला. “मला तू आवडतोस.”

“माहीत होतं,” तो म्हणाला. “तेच ऐकायला आलो होतो मी. काचघर सोडून.”

त्याने दोरी खाली ठेवली. मग त्याने हळूच तिचा हात धरला आणि कपाळाला लावला.

“आता नको येऊस,” तो म्हणाला. “तू दिसलीस की मला फार बरं वाटतं गं... आणि लगेच तो वास येतो.”

तिने मान हलवली. तिलाही येत होता.

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने हात सोडला, कपाटाला खांदा दिला आणि मागे न बघता तो गोदामात शिरला. फाटकाबाहेर लख्ख ऊन होतं. रस्ताभर ती सावली टाळून चालत राहिली.