भिंतीवरचा उलटा नमदा

"सायकल तशीच टाका बाई. आधी इकडे या."

आबा कधी घाई करत नसत. एकतीस वर्षं घोड्यांची निगा राखलेला माणूस. घोड्यासमोर घाई करायची नसते, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं होतं. म्हणून बाईंनी सायकल खरोखरच तशीच टाकली आणि त्या धावल्या.

साजखोलीचं दार सताड उघडं होतं. खोगिरं ठेवायचे लाकडी दांडे भिंतीवर ओळीने सात, आणि सातही रिकामे. सोमवारी संध्याकाळी बाईंनी स्वतः तेल लावून ठेवलेल्या खोगिरांपैकी एकही जागेवर नव्हतं. लगाम होते, खरारे होते, औषधाच्या बाटल्याही होत्या.

"कुलूप तोडलंय?"

"नाही. लावलेलं होतं. मीच आत्ता माझ्या किल्लीने उघडलं."

बाईंनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग ऑफिसच्या दाराकडे.

साजखोलीच्या किल्ल्या दोनच. एक आबांकडे आणि दुसरी बाईंकडे. ऑफिसातल्या फळीवर बाईंचं हेल्मेट उलटं ठेवलेलं असे आणि त्यात त्यांची किल्ली. अठरा वर्षं त्या इथे घोडेस्वारी शिकवत होत्या, तबेल्याच्या मालकांनाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि अठरा वर्षं किल्लीची जागा तीच. पण सोमवारी त्यांचे हात तेलाने बरबटलेले होते, तेवढ्यात घरून फोन आला, बोलता बोलता त्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली कुलपातच लटकत राहिली. घरी पोचल्यावर त्यांना आठवलं. मंगळवारी सुट्टी, कोण येतंय मरायला, असं म्हणून त्या खुशाल झोपल्या होत्या.

त्या ऑफिसात गेल्या. फळीवर हेल्मेट होतं आणि हेल्मेटात किल्ली होती.

आपण ती इथे ठेवलेली नाही, हे त्यांना स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. मग चोर सात खोगिरं उचलून नेतो आणि किल्ली तेवढी शहाण्यासारखी जागेवर ठेवतो? त्यांनी ती पटकन खिशात टाकली. का टाकली, ते त्यांना तेव्हा कळलं नाही. नंतर मात्र चांगलंच कळलं.

तासाभरात मालक आले. डाव्या दंडावर पट्टी, शर्टाची बाही वर दुमडलेली. गाडीच्या दारात हात सापडला म्हणाले. त्यांच्यामागून हवालदार आले. हवालदारांना घोड्यांची भीती वाटत असावी, कारण सगळी चौकशी त्यांनी भिंतीला पाठ लावून केली.

"काल इथे कोण होतं?" त्यांनी आबांना विचारलं.

"कोणी नाही. आम्ही नवराबायको मुलीकडे गेलो होतो. सकाळचं दाणापाणी करून निघालो, दिवेलागणीला परत आलो. आल्यावर घोड्यांना चारा घातला. साजखोलीकडे फिरकलो नाही."

"गाडी आली होती का एखादी?"

त्याचं उत्तर फाटकावरच्या पहारेकऱ्याने दिलं. पुढच्या फाटकातून दिवसभरात एकही गाडी आत आली नव्हती की बाहेर गेली नव्हती. मालक तेवढे नेहमीसारखे पायी फेरी मारून गेले होते. मागच्या बाजूला एक लहान फाटक होतं, ओढ्याकडे उतरणारं. पण ती पाऊलवाट. तिथून गाडी जाणं शक्यच नव्हतं आणि फाटकाची कडी आतून लावलेली होती.

"मग सात खोगिरं काय खिशात घालून नेली?" हवालदार म्हणाले. "किल्ल्या किती?"

"दोन. एक माझी. ती माझ्या कमरेला होती."

"आणि बाईंची?"

आबांनी बाईंकडे पाहिलं. "ते बाईंनाच विचारा."

सगळे बाईंकडे वळले. खरं बोलायला एवढीच जागा होती आणि ती एका श्वासाइतकी होती. अठरा वर्षांची नोकरी, मालकांचा स्वभाव, सगळं त्या एका श्वासात डोळ्यांपुढून गेलं.

"माझ्याजवळ होती," बाई म्हणाल्या.

"सोमवारपासून?"

"हो."

झालं. उरली आबांची किल्ली. राहायला आवारातच, कुलूप न तुटलेलं, घोड्यांच्या धंद्यात ओळखीपाळखी भरपूर. हवालदारांनी मनातल्या मनात गणित सोडवून टाकलं. ते आबांना चौकीवर घेऊन गेले आणि दुपारी सोडून दिलं, पण तोवर मालकांनी निकाल दिला होता. शनिवारपर्यंत खोली रिकामी करायची. आबांच्या बायकोने ऐकलं आणि दोरीवरचे कपडे काढायला घेतले.

"उद्या त्या पडलेल्या मुलीचे वडील खोगीर बघायला येणार होते," मालक बाईंना म्हणाले. "आता त्यांना काय दाखवू, माझं कपाळ?"

हाताला काहीतरी काम हवं म्हणून बाई अंगण आवरायला लागल्या. भिंतीवर एक नमदा उलटा घातलेला होता. नमदा म्हणजे खोगिराखाली अंथरायची जाड गादी. त्यांनी तो उचलून आत नेऊन ठेवला. त्याचे पांढरे केस त्यांच्या काळ्या शर्टाला चिकटले. ते झटकत त्या दुसऱ्या कामाला लागल्या.

गुरुवारी त्या मुलीचे वडील आले. ते वकील होते. बारा दिवसांपूर्वी त्यांची दहा वर्षांची मुलगी धावत्या घोड्यावरून खोगिरासकट पडली होती आणि तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. त्यांनी सोबत एक जाणकार आणला होता.

"पोटाखालून आवळायचा तंग जुना झाला होता का?" वकिलांनी विचारलं.

"छे. चांगला होता," मालक म्हणाले. "पण दाखवणार कुठून?"

वकिलांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी बुटाच्या टोकाला लागलेला चिखल पाहिला. दोन दिवसांत दुसऱ्यांदा त्यांनी खरं सांगायचं टाळलं होतं. त्या तंगाचे टाके सुटलेले त्यांनी पाहिले होते. मालकांना दोनदा सांगितलंही होतं. स्पर्धा होऊ दे, मग बदलू, असं मालक म्हणाले होते. आणि तरीही मुलीला उचलून त्या खोगिरावर बाईंनीच बसवलं होतं.

शुक्रवारी शिकवणी बंद ठेवणं बरं दिसेना, म्हणून बाईंनी मुलांना खोगिराशिवाय, पट्ट्याने आवळलेल्या नुसत्या नमद्यावर बसवलं. चांदणीची पाळी आली. चांदणी ही तबेल्यातली एकुलती एक पांढरी घोडी, वयाने सगळ्यांची आजी.

"हिचा पट्टा आवळताना आधी काय करायचं?" बाईंनी मुलांना विचारलं.

"तोंड आखूड बांधायचं," मुलं एका सुरात म्हणाली. "नाहीतर ती मान वळवून दंडाला चावते."

शिकवणी संपली. बाईंनी ओले नमदे उलटे करून भिंतीवर उन्हात घालायला सुरुवात केली. यावरून आबांशी त्यांचं अठरा वर्षांचं भांडण होतं. आबांचं म्हणणं, उन्हाने नमदा कडक होतो आणि घोड्याच्या पाठीला बोचतो. तो घडी करून सावलीतच वाळवायचा. आबांनी आयुष्यात एकही नमदा उन्हात घातला नव्हता. बाईंनी मात्र प्रत्येक शिष्याच्या कानीकपाळी ओरडून ओरडून त्याला उन्हाची सवय लावली होती.

तिसरा नमदा हातात असताना बाई थांबल्या.

बुधवारी सकाळी भिंतीवर नमदा होता. पण मंगळवारी तर सुट्टी होती, आणि सोमवारचे सगळे नमदे त्यांनी स्वतः कपाटात रचून ठेवले होते. मग तो तिथे कसा आला?

त्यांनी पळत जाऊन तो पुन्हा बाहेर काढला. त्यावर घामाचा पांढुरका डाग होता आणि पांढरे केस होते. मंगळवारी चांदणीच्या पाठीवर कुणीतरी काहीतरी लादलं होतं. आणि काम झाल्यावर नमदा उलटा करून उन्हात घातला होता, अगदी बाईंनी शिकवल्यासारखा. म्हणजे आबा नव्हेत.

बाईंना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आबांनी चोरी केलेली नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्यासाठी त्यांना नमद्याची गरज नव्हती, फक्त तोंड उघडायची होती.

त्यांनी चांदणीच्या गळ्यात दोर अडकवला, मागच्या फाटकाची कडी काढली आणि दोर सैल सोडला. चांदणीने कान टवकारले. पाऊलवाटेने उतरून तिने ओढा ओलांडला, झाडीत शिरली आणि एका बंद पडलेल्या पंपखोलीच्या दारापाशी थांबून खिडकीच्या कठड्यावर नाक घासू लागली. कठड्यावर गाजराचे देठ पडले होते. जिथे खाऊ मिळाला ती जागा घोडं विसरत नाही.

दाराला कुलूप नव्हतं. आत सातही खोगिरं एकावर एक नीट रचलेली होती.

ती जमीन कोणाची होती, ते बाईंना कोणाला विचारावं लागलं नाही.

शनिवारी सकाळी आबांची बायको भांडी पोत्यात भरत होती. बाईंनी हवालदारांना, मालकांना आणि आबांना साजखोलीत बोलावलं. मोकळ्या दांड्यांसमोर त्यांनी तो नमदा धरला.

"हा बुधवारी सकाळी भिंतीवर होता, उन्हात, उलटा," त्या म्हणाल्या. "सात खोगिरं माणसाला एका दमात उचलून नेता येत नाहीत आणि गाडी आलेली नव्हती. ती चांदणीच्या पाठीवरून ओढ्यापलीकडे गेली, दोन खेपांत. नेणाऱ्याने तिच्या पाठीला बोचू नये म्हणून खाली नमदा घातला. परत आणून कडी लावली, तिला जागेवर बांधलं. आणि हात सवयीने चालतो ना, तसा त्याने ओला नमदा वाळत घातला. चोरी करतानाही."

"म्हणजे इथलाच माणूस," हवालदार म्हणाले आणि त्यांनी आबांकडे बोट केलं.

"इथलाच. पण आबा नमदा सावलीत वाळवतात. उन्हात घालतो तो माझा शिष्य."

"तुमचे शिष्य शंभर असतील."

"असतील. पण खोगीर बघायला गुरुवारी माणसं येणार हे मला आणि आणखी एकालाच ठाऊक होतं. पट्टा आवळताना चांदणी चावते हे आता लहान मुलांनाही माहीत आहे. पण ती खोड तिला अलीकडे लागली. जो माझ्याकडे तिच्यावर बसायला शिकला आणि मग दहा वर्षं तिच्या वाटेला गेला नाही, त्याला ते कसं माहीत असणार?" त्या मालकांकडे वळल्या. "मालक, पट्टी सोडा. गाडीच्या दाराला दात नसतात."

मालकांनी पट्टीला हातही लावला नाही. ते दाण्याच्या पिंपावर बसले.

"खोगिरं ओढ्यापलीकडे, मालकांच्याच पंपखोलीत आहेत," बाई हवालदारांना म्हणाल्या. "एकाच्या तंगाचे टाके उसवलेत."

हवालदारांनी वही काढली.

"मला तेवढं एकच नाहीसं करायचं होतं," मालक म्हणाले. "पण एकच नेलं असतं, तर कोणी नेलं आणि कशाला, ते सगळ्यांना कळलं असतं. मंगळवारी फेरी मारायला आलो आणि किल्ली कुलपातच दिसली. नसती दिसली तर कदाचित…" ते थांबले. "ती पोरगी पडताना मी कुंपणाशी उभा होतो, बाई. अजून तो आवाज ऐकू येतो. आणि आबांचं नाव पुढे आलं तेव्हा मी गप्प बसलो. मला बरंच वाटलं."

"कुलपातच?" हवालदारांनी मान वर केली. "कोणाची किल्ली?"

"माझी," बाई म्हणाल्या. "मी सोमवारी विसरले आणि बुधवारी खोटं बोलले. तंगाचे टाके सुटलेत हेही मला माहीत होतं. तरी त्या मुलीला मीच बसवलं. हे वकिलांना मी आज स्वतः जाऊन सांगणार आहे."

"आणि आबांना घेऊन गेलो तेव्हा तुम्ही इथेच उभ्या होतात," हवालदार म्हणाले. त्यांनी हे रागाने म्हटलं असतं तर बाईंना सोपं गेलं असतं.

हवालदार मालकांना घेऊन गेले. दुपारपर्यंत सातही खोगिरं चांदणीच्याच पाठीवरून परत आली. आबा ती एकेक करून दांड्यांवर चढवत होते, जणू मधले चार दिवस झालेच नव्हते. पलीकडे त्यांची बायको पोत्यातली भांडी पुन्हा बाहेर काढत होती.

बाईंच्या मनात एक गाठ अजून तशीच होती. मालकांना विचारलं तेव्हा त्यांनी शपथेवर सांगितलं होतं की किल्ली त्यांनी कुलपातच परत सोडली.

"आबा, माझी किल्ली हेल्मेटमध्ये कोणी ठेवली?"

"मी," आबा खोगीर सरळ करत म्हणाले. "बुधवारी सकाळी दाणा घालायला गेलो, तर कुलपाला लटकत होती. मालकांनी पाहिली असती तर तुम्हाला उगाच बोल लागला असता. म्हणून जागेवर ठेवली. मग सात वाजता माझ्या किल्लीने दार उघडलं, तर हे असं."

"आणि हवालदारांनी विचारलं तेव्हा? तेव्हा का नाही सांगितलंत?"

आबांनी पाय ठेवायची रिकीब वर सरकवली, पट्ट्याची घडी नीट केली.

"मला वाटलं, तुम्ही सांगाल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते पुढच्या खोगिराकडे वळले.

बाई बाहेर आल्या. खोगिरं वाहून ओले झालेले नमदे अंगणात पडले होते आणि भिंतीवर लख्ख ऊन होतं. त्यांनी एकेक नमदा उचलला, त्याची घडी केली आणि तो सावलीत नेऊन ठेवला. आबांनी दारातून ते पाहिलं.